फील्ड डे २०२४: बॅटरीवरची दोन स्टेशने (वर्ग २ए, एनएनजे)

जूनच्या चौथ्या पूर्ण शनिवार-रविवारी एआरआरएल या अमेरिकेतल्या हॅम (हौशी) रेडिओ संघटनेचा फील्ड डे असतो: रेडिओवरून जास्तीत जास्त संपर्क करायची स्पर्धा. त्यासाठी न्यू जर्सीतल्या मिडलसेक्स काउंटीत (एआरआरएलचा नॉर्दर्न न्यू जर्सी, म्हणजे एनएनजे विभाग) एका पार्कमध्ये जे स्टेशन उभे केले, त्याच्या या नोंदी. वर्ग २ए म्हणजे तीन किंवा जास्त जणांचा गट, घराबाहेरची जागा, एका वेळी दोनच ट्रान्समीटर आणि मेनची वीज नाही. एक स्टेशन मोर्सचे (ठिपके-रेघांचे), एक एसएसबीचे (माइकवर बोलायचे), शिवाय नवख्यांसाठी वेगळ्या कॉलसाइनवरचे (परवान्याच्या ओळखनावाचे) ‘गोटा’ (गेट ऑन द एअर) स्टेशन. ते दोनाच्या मोजणीत धरत नाहीत. घाई असेल तर १८ मे, २५ मे आणि १ जून एवढ्या नोंदी तरी वाचाव्यात. पैसा आणि वेळ तिथेच वाचतो.

रविवार, १४ एप्रिल: वर्ग आणि जागा

पहिला वाद वॉटचा. एसएसबीच्या संपर्काला १ गुण, मोर्स आणि डिजिटलला २. त्या बेरजेला शक्तीचा गुणक लागतो: १०० वॉटपर्यंत २, आणि ५ वॉट किंवा कमी असून वीज बॅटरीची वा सौर असेल तर ५. म्हणजे १०० वॉटवर जेवढे संपर्क झाले असते त्याच्या ४० टक्के जरी ५ वॉटवर झाले, तरी हिशेब बरोबरीत सुटतो. हात बसलेल्या मोर्सवाल्यांना हा सरळ फायद्याचा सौदा आहे. तरी १०० वॉट ठरले. गुणक सगळ्या ट्रान्समीटरांत जो सर्वांत जास्त शक्ती वापरतो त्याच्यावर ठरतो, त्यामुळे मोर्स ५ वर आणि एसएसबी १०० वर असे चालत नाही. माइकवर नवी मंडळी बसणार, आणि पाच वॉटच्या एसएसबीवर तासभर ओरडून दोन संपर्क झाले की त्यांचा हुरूप संपतो.

वेळेचा नियम बऱ्याच जणांच्या लक्षात राहत नाही. उभारणी शुक्रवारच्या ०००० यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) आधी, म्हणजे इथल्या गुरुवारी रात्री ८ च्या आधी सुरू करता येत नाही, आणि एकूण २४ तासांच्या वर जाता कामा नये. शनिवारी १८०० यूटीसीच्या आधी उभारणी केली असेल तर पहिल्या संपर्कापासून सलग २४ तासच मिळतात. जे १८०० यूटीसीलाच सामान उतरवतात त्यांना रविवारच्या २०५९ पर्यंत, म्हणजे जवळपास २७ तास मिळतात. दोन स्टेशनांच्या गटाने त्या तीन तासांच्या मोहात पडू नये. दुपारी दोनच्या उन्हात घाईने चढवलेली अँटेना रात्री खाली येते.

पार्कच्या कचेरीने दायित्व विम्याचे प्रमाणपत्र मागितले आणि झाडांना खिळे ठोकायची मनाई केली. खुंट्यांचाही प्रश्न आहे. मैदानाखाली पाण्याचे पाइप असतात आणि जमिनीत काही ठोकायचे तर आधी ८११ ला (जमिनीखालच्या पाइप-तारांची चौकशी करायचा फोन क्रमांक) कळवावे लागते. म्हणून मास्टसाठी (अँटेनाच्या खांबासाठी) गाडीचे चाक चढवून दाबायचे लोखंडी बूड घेतले (४५ डॉलर एकाचे, दोन). ताणाचे दोर वाळूच्या पिशव्यांना. सगळे सामान ३०० मीटर व्यासाच्या वर्तुळात बसले पाहिजे, हे नकाशावर मोजून घेतले.

शनिवार, ४ मे: तारा

४०, २०, १५ मीटर ही बँडची, म्हणजे वारंवारतेच्या पट्ट्यांची, तरंगलांबीवरून पडलेली नावे. मोर्ससाठी ४० मीटरचा डायपोल (मधोमध केबल जोडून दोन बाजूंना ताणलेली तार), उलट्या ‘व्ही’च्या आकारात, मधला बिंदू १० मीटर उंच. एसएसबीसाठी २०, १५ आणि १० मीटरचा पंखा-डायपोल (एकाच केबलला तीन बँडच्या तारा). ८० मीटरचा डायपोल वेगळा, रात्री ज्याला हवा त्याने घ्यायचा. गोटासाठी २० मीटर लांब तारेचा, टोकाला फीड (केबलचा जोड) असलेला हाफ-वेव्ह (अर्ध्या तरंगाची अँटेना) आणि ४९:१ ट्रान्सफॉर्मर. ऑपरेटर आळीपाळीने दोन्ही स्टेशनांवर बसणार, म्हणून दोन्ही टेबलांपर्यंत सगळ्या अँटेनांचे कोअॅक्स (जाळीच्या आवरणाची केबल) नेऊन हाताने बदलायचे ठरले.

लांबी मीटरमध्ये काढायची तर १४३ ला मेगाहर्ट्झने भागावे. ७.१ साठी २०.१४ मीटर येते. तेवढीच कापली, आणि अनुनाद ६.८५ वर मिळाला. तार पीव्हीसी आवरणाची होती, शिवाय ‘व्ही’च्या आकारामुळे तो आणखी खाली सरकतो. गुणोत्तराने एकूण १९.४३ मीटर हवी, म्हणजे प्रत्येक बाजूने साधारण ३५ सेंटीमीटर कमी. कापू नये. टोक मागे दुमडून त्याच तारेभोवती घट्ट पिळावे. मैदान बदलले, उंची बदलली की तेच टोक पुन्हा उलगडावे लागते.

पंख्यात आधी सर्वांत लांब तार जुळवायची, मग छोट्या. उलट केले तर २० ची लांबी हलवताना १५ आणि १० दोन्ही बिघडतात. तारांमध्ये १५-२० सेंटीमीटर अंतर ठेवायला वीजजोडणीच्या पीव्हीसी नळीचे तुकडे भोके पाडून वापरले. पहिल्यांदा अंतर ५ सेंटीमीटर ठेवले होते, तेव्हा वारा आला की १० मीटरवरचा एसडब्ल्यूआर (अँटेना किती जुळली याचा आकडा, १ सर्वांत चांगला) १.५ ते ३ असा नाचायचा.

प्रत्येक फीड पॉइंटला चोक (कोअॅक्सच्या बाहेरून वाहणारा आरएफ, म्हणजे रेडिओ वारंवारतेचा प्रवाह अडवणारा): एफटी२४०-३१ फेराइट कड्यावर आरजी-५८ चे १२ वेढे. कडे १२ ते १५ डॉलरला एक. इथे काटकसर करू नये.

शनिवार, ११ मे: दिवस वाया

अँटेना हवेत चढवून ऐकायचे होते. मीटरवर एसडब्ल्यूआर १.३, आणि रिसीव्हरमध्ये नुसती खरखर. चोक काढून पाहिला, कोअॅक्स बदलले, दोन्ही रिग (ट्रान्समीटर-रिसीव्हरचे संच) लावून पाहिले, जोड पुन्हा सोल्डर केले. दुपार गेली.

बिघाड अँटेनात नव्हता. १० मेच्या रात्रीपासून जी५, म्हणजे सर्वांत तीव्र दर्जाचे भूचुंबकीय वादळ सुरू होते, ऑक्टोबर २००३ नंतरचे पहिले. लडाखमध्ये हानलेच्या आकाशातसुद्धा लाल आभा दिसली, यावरून त्याचा आवाका कळावा. एचएफचे (३ ते ३० मेगाहर्ट्झचे) बँड त्या दिवशी बंदच होते. चाचणीच्या दिवशी मीटर उघडण्याआधी डब्ल्यूडब्ल्यूव्ही या प्रमाणवेळ सांगणाऱ्या अमेरिकी स्टेशनचे बुलेटिन ऐकायचे, दर तासाच्या १८ व्या मिनिटाला. केपी (भूचुंबकीय खळबळीचा) आकडा ५ च्या वर असेल तर त्या दिवशी सोल्डरिंग करावे, रिसीव्हरवरून निष्कर्ष काढू नयेत.

शनिवार, १८ मे: वीज

१०० वॉटचा रिग ऐकताना १ ते १.३ अँपिअर घेतो, कळ दाबली की २० ते २१. मोर्सवर एकतृतीयांश वेळ प्रसारण आणि त्यातही कळ निम्मा वेळच खाली, असे धरले तर सरासरी ४.५ अँपिअर पडते. २४ तासांचे १०८ अँपिअर-तास झाले. १०० अँपिअर-तासांच्या एका लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत ते बसत नाही. एसएसबीची सरासरी ३.५ च्या आसपास, ती बसते. लॅपटॉप कोणी हिशेबात धरत नाही, पण १५ वॉटने २४ तास चालला तर तोही ३० अँपिअर-तास खातो. शेवटी १०० च्या तीन बॅटऱ्या (एक २६० डॉलरला नवी, दोन मागून आणलेल्या) आणि लॅपटॉप, राउटर, दिव्यांसाठी वेगळी ५० ची. जनरेटर नको म्हटले. तोही आणीबाणीचीच वीज म्हणून चालतो, पण रात्रभर त्याची घरघर आणि पेट्रोल कोण सांभाळणार?

आता तारेबद्दल. बॅटरी टेबलापासून दूर, सावलीत ठेवली होती. १२ गेजची तार, जाऊन-येऊन १२ मीटर. या तारेचा रोध मीटरला ५.२ मिलिओहम, म्हणजे एकूण ६२. वीस अँपिअरला सव्वा व्होल्ट तारेतच जिरतो. बॅटरी भाराखाली १२.८ देत होती, रिगच्या पाठीशी ११.५ पोचले. रिगची खालची मर्यादा ११.७ (१३.८ च्या १५ टक्के खाली). परिणाम असा की मोर्सचा सूर प्रत्येक ठिपक्याला घसरत होता, आणि एसएसबीवर जोरात बोलले की डिस्प्ले विझून रिग पुन्हा सुरू व्हायचा. दोन तास रिग बिघडला समजून त्याचा मेनू उलटापालटा करण्यात गेले. रिगच्या मागे मीटर लावून, कळ दाबून, व्होल्ट वाचणे हे मिनिटाचे काम होते.

उपाय: बॅटरी टेबलाखाली, ८ गेजची तार, एकेरी अंतर दीड मीटर. आता घट एक दशांश व्होल्टच्या आसपास आहे. पॉवरपोल जोडांपैकी (वीजतारांच्या प्लगांपैकी) एक हाताला गरम लागत होता. तो पकडीने नुसता चेपलेला होता, योग्य क्रिंपरने नवा बसवला. फ्यूज बॅटरीच्या टोकाशी, दोन्ही तारांत.

या बॅटरीचा व्होल्टेज जवळजवळ सपाट राहतो. १३.० दिसत असताना ती अर्धी आहे की पाव, हे व्होल्टमीटर सांगत नाही. मग आतले संरक्षक सर्किट एकदम तोडते, तेही नेमके एखादा दुर्मीळ विभाग कानावर आला असताना. अँपिअर-तास मोजणारा शंटचा मीटर लावावा, ३५ डॉलर.

शनिवार, २५ मे: एकमेकांचा त्रास

दोन्ही स्टेशने प्रथमच एकत्र, पूर्ण शक्तीवर. अँटेना ३५ मीटर अंतरावर, समांतर. एसएसबी २० मीटरवर बोलायला लागला की ४० च्या मोर्स रिसीव्हरचा आवाज शब्दागणिक दबायचा. उलट मोर्सची प्रत्येक कळ २० मीटरवर खटखट वाजायची. अशा अवस्थेत स्पर्धा होत नाही. दोघे एकमेकांना खुणा करत बसतात.

आधी कारण शोधावे, मग खर्च करावा. त्रास होत असताना रिसीव्हरचा अॅटेन्युएटर (येणारा सिग्नल ठरावीक प्रमाणात घटवणारा भाग) लावायचा, समजा १२ डेसिबलचा. आगंतुक आवाज तेवढाच घटला, तर तो खरोखर त्या वारंवारतेवर येतो आहे: समोरच्या ट्रान्समीटरचा हार्मोनिक (मूळच्या दुप्पट, तिप्पट वारंवारतेवर उमटणारा सिग्नल) किंवा रुंद पसरलेली खरखर. फिल्टर तिकडे हवा. पण १२ च्या ऐवजी २५-३० ने घटला किंवा नाहीसाच झाला, तर आपलाच रिसीव्हर गुदमरतो आहे. फिल्टर इकडे हवा. आमच्याकडे ४० वर दुसरा प्रकार निघाला, २० वर दोन्ही.

फुकटचा उपाय सर्वांत मोठा ठरला. न्यू जर्सीतून जवळजवळ सगळी अमेरिका पश्चिमेला आणि नैर्ऋत्येला आहे. म्हणून डायपोल उत्तर-दक्षिण ताणायचे, म्हणजे ते पश्चिमेकडे तोंड करतात. दोन्ही एकाच उत्तर-दक्षिण रेषेत, टोकाला टोक, केंद्रांत ९० मीटर अंतर. डायपोलच्या टोकाच्या दिशेला सर्वांत कमी ऊर्जा जाते, त्यामुळे ज्या दिशेला ऐकायचे नाही तिथेच शेजारचे स्टेशन येते. नुसत्या हलवण्याने रिसीव्हरच्या एस-मीटरवरचा (सिग्नलचा जोर दाखवणारा) त्रास एस९ वरून एस४-५ वर आला. कोअॅक्स मात्र लांबले. आरजी-८एक्सचे ३० मीटर, १४ मेगाहर्ट्झवर साधारण एक डेसिबल गेले. तेवढे चालते.

शनिवार, १ जून: स्टब आणि फिल्टर

७ मेगाहर्ट्झचा दुसरा हार्मोनिक १४ वर पडतो. त्यासाठी कोअॅक्सचा स्टब जवळजवळ फुकटात होतो. ४० मीटरला पाव तरंग लांब, टोकाला मधली तार आणि जाळी एकत्र सोल्डर केलेला तुकडा, टी-जोडाने रिगच्या आउटपुटला. ७ वर तो दिसतच नाही, १४ वर अर्धा तरंग होऊन थेट शॉर्ट. ७.१ चा पाव तरंग १०.५६ मीटर, आरजी-५८ चा वेगगुणक (केबलमधला वेग भागिले मोकळ्या जागेतला वेग) ०.६६, म्हणून ६.९७ मीटर.

पहिला स्टब आरजी-८एक्सचा कापला, लांबी मात्र हीच. त्याच्या आत फोम असतो, वेगगुणक ०.८ च्या आसपास. दरी (स्टब जिथे शॉर्ट होतो ती वारंवारता) १४.२ ऐवजी १७.२ मेगाहर्ट्झवर निघाली. सात मीटर कोअॅक्स वाया. कोणतीही केबल असो, पाच टक्के जास्त कापून अॅनालायझरवर दरी बघत टोकाकडून इंच इंच कमी करायची. छापील वेगगुणकावर विसंबू नये, तो उत्पादकागणिक बदलतो.

स्टब एकट्याने पुरत नाही. गुदमरणाऱ्या रिसीव्हरला बँडपास फिल्टर (एकच बँड पुढे जाऊ देणारा) लागतो आणि एका बँडच्या, १०० वॉट पेलणाऱ्या फिल्टरला शंभरेक डॉलर पडतात. दोन स्टेशने, पाच बँड, म्हणजे दहा फिल्टर? नाही. नियमाने एकाच बँडवर एक मोर्स आणि एक एसएसबी चालते, पण त्यात फिल्टरचा काही उपयोग होत नाही. दोन्ही स्टेशने एका बँडवर न्यायचीच नाहीत, असे ठरवले की पाचच फिल्टर पुरतात. मग फिल्टर हाच बँडचा परवाना झाला. ज्याच्या टेबलावर २० चा डबा, २० मीटर त्याचे. बँड हवा तर उठून डबा मागून आणायचा. दोन नवे घेतले (२१५ डॉलर), तीन उसने.

फिल्टरला दोन पथ्ये आहेत. रिगचा आतला ट्यूनर (अँटेनाशी जुळवून घेणारा भाग) बंद ठेवावा. तो फिल्टरच्या अलीकडे असतो, त्यामुळे रिगला १:१ दिसत असतानाही फिल्टरच्या पुढे वाईट एसडब्ल्यूआर राहतो आणि आतले कपॅसिटर तापतात. ट्यूनर हवाच तर बाहेरचा, फिल्टरनंतर. दुसरे, चुकीच्या फिल्टरमध्ये प्रसारण होणारच. प्रत्येक डब्याला रंगीत टेप, त्याच रंगाची टेप त्या अँटेनाच्या कोअॅक्सला, आणि बँड बदलला की पहिली कळ १० वॉटवर.

शनिवार, ८ जून: लॉग

संपर्कांची नोंद (लॉग) ठेवायला एन१एमएम लॉगर प्लस हे सॉफ्टवेअर, फुकट आहे. दोन लॅपटॉप आणि एक १२ व्होल्टचा राउटर, इंटरनेट नाही. लॅपटॉप एकमेकांना दिसेनात. नवे वाय-फाय विंडोजने ‘सार्वजनिक’ धरले होते आणि फायरवॉलने वाट अडवली होती. ‘खाजगी’ केल्याबरोबर जुळले. दोन्हीकडे स्पर्धा, कॉलसाइन आणि पाठवायचा मजकूर (२ए एनएनजे) अक्षरशः सारखा असला पाहिजे. घड्याळ घरून निघतानाच इंटरनेटवरून जुळवायचे आणि टाइम झोन तपासायचा. तो चुकला तर अख्ख्या लॉगची यूटीसी चुकते.

१५ मीटरवर ८० वॉटच्या पुढे गेले की यूएसबी जोडणी गोठायची आणि लॉगरला रिग सापडायचा नाही. यूएसबी केबलच्या दोन्ही टोकांना क्लिपचे फेराइट, प्रत्येकात केबलचे तीन वेढे. एका वेढ्याने फरक पडला नव्हता.

शनिवार, १५ जून: बोनसची तयारी

बोनस गुणकाने गुणला जात नाही, पण लहान गटाच्या बेरजेत तो चौथाई भरतो. मेनची वीज नाही म्हणून ट्रान्समीटरमागे १००. सार्वजनिक जागा १००, माहितीचे टेबल १००, सुरक्षा अधिकारी १००, विभाग व्यवस्थापकाला रेडिओने औपचारिक संदेश १००, डब्ल्यू१एडब्ल्यू या एआरआरएलच्या स्टेशनचे फील्ड डे बुलेटिन उतरवून घेणे १००. नैसर्गिक विजेवर पाच संपर्क १००. इथे खाच आहे: सौर विजेवरचा ट्रान्समीटर वेगळा मोजला जातो. वर्ग ३ए होऊ द्यायचा नसेल तर तेवढा वेळ दोनांपैकी एक बंद ठेवावा लागतो. त्यासाठीची २० अँपिअर-तासांची बॅटरी आधी रिकामी करून १०० वॉटच्या पॅनलवरच भरली, नाहीतर ती ‘नैसर्गिक’ होत नाही.

शुक्रवार, २१ जून: उभारणी

त्या आठवड्यात उष्णतेची लाट होती. दहा ते पाच काम बंद ठेवून सकाळ-संध्याकाळ वाटून घेतले, आणि तेच बरे झाले. झाडावरचे दोर चढवायला गलोल आणि ३५० ग्रॅमचे वजन. मासेमारीचा दोरा आधी, त्यामागून जाड दोर. नायलॉनचे दोर परत पाठवले, ते उन्हात आणि दवात लांबतात. पॉलिएस्टरचे वापरले. माणसाच्या उंचीवरच्या प्रत्येक ताणाला नारिंगी पट्टी बांधली.

रात्री तपासले तर ४० मीटरचा एसडब्ल्यूआर २.४. एक टोक झाडाच्या पानांत टेकले होते. टोकाशी व्होल्टेज सर्वांत जास्त असतो, तिथे ओली पाने चालत नाहीत. मीटरभर दोर वाढवून टोक मोकळे केले, १.४ झाला.

शनिवार, २२ जून

दुपारी २ (१८०० यूटीसी): एसएसबी २० वर, मोर्स १५ वर. जनरल (मधल्या दर्जाच्या) परवान्याच्या १४.२२५ ते १४.३५० एवढ्या पट्टीत पाय ठेवायला जागा नव्हती. मोकळी वारंवारता धरून सीक्यू (‘कोणीही उत्तर द्या’ अशी हाक) करायचा हट्ट अर्धा तास केला, मिळाले जेमतेम आठ संपर्क. मग पट्टीच्या एका टोकाकडून दुसरीकडे जात, सीक्यू करणाऱ्यांना उत्तर देत गेले. वेग दुप्पट झाला. १५ मोर्सकडून मागून घेतल्यावर २१.३०० च्या आसपास जागा सापडली आणि तिथे सीक्यू चालला. लहान स्टेशनने गर्दीच्या बँडवर शिकारी व्हावे, रिकाम्या बँडवर दुकान मांडावे.

देवाणघेवाण एका श्वासात संपते: ‘टू अल्फा, नॉर्दर्न न्यू जर्सी’. त्याच्या आधी ‘प्लीज कॉपी’ आणि नंतर हवामान लावायची सवय नव्या ऑपरेटरांची मोडावी लागते.

४ वाजता: १० मीटर उघडले. मोर्स २८.०३० वर छान चालले होते, पण गोटावाल्यांनी २८.४ वर बसायचे म्हटले की २० च्या एसएसबीचा दुसरा हार्मोनिक त्यांच्या डोक्यावर यायचा. १४.२३० चा २८.४६०. एसएसबीने १४.३०० च्या वर सरकायचे असा करार झाला, कारण २८.३०० ते २८.५०० ही टेक्निशियन (पहिल्या पायरीच्या) परवान्याची पट्टी आहे आणि नवखे तिथेच भेटतात.

१५ वर एसएसबीचा आवाज घोगरा असल्याची तक्रार दोघांनी केली. आरएफ माइकमध्ये शिरत होता. फीड पॉइंटला चोक होता, रिगकडे नव्हता. दुसरा चोक टेबलावर लावला, घोगरेपणा गेला.

संध्याकाळी ६: उपग्रह. एसओ-५० या हॅम उपग्रहावर हातातल्या यागी अँटेनाने प्रयत्न. डाउनलिंक ४३६.७९५ वर नुसती शिट्ट्यांची झुंबड. एफएमच्या एकाच चॅनेलवर अर्धा खंड तुटून पडतो. नियमाने एफएम उपग्रहावर एकच संपर्क करता येतो तरी हे हाल. बोनस गेला. आरएस-४४ सारख्या रेषीय ट्रान्सपाँडरची (एका वेळी अनेक संपर्क पेलणाऱ्या उपग्रहाची) तयारी केली असती तर बरे, त्याला ऐकत ऐकत बोलता येईल असा दुसरा रिसीव्हर लागतो.

रात्री ८.३०: इथला सूर्यास्त आणि पुण्या-मुंबईचा सूर्योदय या तारखेला जवळजवळ एकाच क्षणी होतो, ००३० यूटीसीच्या आसपास. २० मीटरवर कान टाकावा. भारतातल्या हॅमना या स्पर्धेत नोंद पाठवता येत नाही, पण त्यांच्याशी झालेला संपर्क इथे गुणाला धरतात. त्यांनी विभागाच्या जागी ‘डीएक्स’ (परदेश) एवढेच द्यायचे. तिकडून पाहिले तर स्पर्धा शनिवारी रात्री ११.३० ला सुरू होते. गोटावर विनापरवाना माणूस बोलत असताना व्हीयू (भारतातले) स्टेशन आले तर मात्र माइक परवानाधारकाने स्वतः घ्यायचा. अमेरिका आणि भारत यांच्यात तृतीय पक्षाच्या संदेशांचा करार नाही.

मध्यरात्रीनंतर: एसएसबी ४० वर, मोर्स ८० वर. दूरच्या विजांचा कडकडाट ८० मीटरवर सतत एस७. आरएफ गेन कमी करून आणि एजीसी (आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारे सर्किट) जलद करून ऐकले तर शब्द वेगळे कळतात, नॉइज ब्लँकरचा उपयोग नाही. पहाटे ३ ते ५ एसएसबीने तासाला दहाही दिले नाहीत. त्या वेळी माणसे झोपवावीत. मोर्स एकटा तीस देत होता.

रविवार, २३ जून

सकाळी ९: सौर पॅनल जोडले आणि ४० मीटरवर एस६ चा गुरगुराट. चार्ज कंट्रोलरचा. पॅनलच्या दोन्ही तारा एकमेकींत पिळल्या, दोन्ही बाजूंना फेराइट लावले, एस३ वर आला. नैसर्गिक विजेचे पाच संपर्क करताना कंट्रोलर सरळ काढला आणि भरलेल्या बॅटरीवरच केले. एसएसबी स्टेशन तेवढा वेळ बंद. पाचांची वेगळी यादी लगेच कागदावर केली, नंतर लॉगमधून शोधणे कटकटीचे होते.

विभाग व्यवस्थापकाचा संदेश २ मीटरच्या ट्रॅफिक नेटवर (संदेश पुढे पोचवणाऱ्या हॅमच्या ठरलेल्या जाळ्यावर) दिला. त्यात गटाचे नाव, जागा, भाग घेणाऱ्यांची संख्या आणि त्यांतले एआरईएसचे (एआरआरएलच्या आणीबाणी सेवेचे) किती, हे सगळे हवे. एआरईएसचा आकडा राहिला होता, वाचून दाखवताना लक्षात आले.

मोर्सची पहिली बॅटरी पहाटे ९१ अँपिअर-तासांवर बदलली होती, एसएसबीची शेवटपर्यंत पुरली.

दुपारी २ वाजता बंद. उतरवताना आधी कोअॅक्स गुंडाळायचे, प्रत्येकाला चिठ्ठी, मग तारा, शेवटी मास्ट. दोर ओले होते, ते घरी वाळवूनच पिशवीत.

शनिवार, ६ जुलै: हिशेब

मोर्स ४१२, एसएसबी ३६५. म्हणजे ८२४ आणि ३६५, बेरीज ११८९, गुणिले २ = २३७८. बोनस: वीज २००, जागा १००, टेबल १००, सुरक्षा १००, संदेश १००, बुलेटिन १००, नैसर्गिक वीज १००, वेबवरून नोंद पाठवल्याचे ५०. एकूण ३२२८. दाव्यांसोबत पुरावे जोडावे लागतात: टेबलाचा फोटो, संदेशाची प्रत, बुलेटिनचा मजकूर, सुरक्षेची यादी.

नवा खर्च: बॅटरी २६०, फिल्टर २१५, मास्टची बुडे ९०, शंट मीटर ३५, फेराइट ७०, तार-दोर-जोड साधारण १२०. आठशेच्या खाली, रिग आणि कोअॅक्स आधीचेच. वाया गेले ते आरजी-८एक्सचे सात मीटर आणि नायलॉनचा दोर परत पाठवायचे टपाल.

पुढच्या वेळेसाठी: मोर्सला दोन बॅटऱ्या समांतर, म्हणजे पहाटे बदलाबदल नाही. ८० चा डायपोल मोर्सच्या टेबलाजवळ, एसएसबीला त्याची गरज पडली नाही. उपग्रहाला आरएस-४४, अपलिंक १४५.९६५, डाउनलिंक ४३५.६४०, आणि त्याची तालीम मे महिन्यातच. फिल्टरांचे पाचही डबे एकाच पेटीत, पेटीच्या झाकणाला आतून बँडचे वेळापत्रक चिकटवून.